कॅनन पी वर जुनी फास्ट ३५ घ्यावी का? (दशावतार, रंगपट, फ्लॅशशिवाय)

रानवारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

माझ्याकडे कॅनन पी आहे (जुना, फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा) आणि त्यावर ५० मिमीची एफ १.८ लेन्स (एफ चा आकडा छोटा तेवढा उजेड जास्त, म्हणजे लेन्स 'फास्ट'). कॅमेरा मस्त चालतो, प्रश्न लेन्सचा आहे. आमचं गाव वेंगुर्ला तालुक्यात, जत्रा सुरू झाल्या की मी दशावतार शूट करते आणि मला स्टेजपेक्षा रंगपटात जास्त रस आहे. नट मंडळी स्वतःचा रंग स्वतः लावतात ना, समोर छोटा आरसा, बाजूला उघडा पेटारा, कोणी मिशी चिकटवतोय, स्त्रीपार्टी करणारा साडीच्या निऱ्या घालतोय, मधेच चहा येतो, आणि बघता बघता मगाशी शेतीच्या गप्पा मारणारा माणूस राजा होऊन उभा राहतो. हे सगळं मला हवंय. पण जागा म्हणजे देवळाच्या बाजूची पडवी नाहीतर कापड लावून केलेला आडोसा, ५० लावून मागे सरकत गेलं की पाठ भिंतीला टेकते आणि फ्रेममध्ये एक चेहरा जेमतेम मावतो. आरसा घेतला की हात कापला जातो, हात घेतला की पेटारा जातो.

फ्लॅश मला वापरायचाच नाही, समोरचा माणूस काजळाची रेघ ओढत असताना त्याच्या डोळ्यावर उजेड मारायचा हे मला पटतच नाही.

तर ३५ घ्यायचीय. डोक्यात असलेले पर्याय: कॅनन ३५ एफ १.५, कॅनन ३५ एफ १.८, कॅनन ३५ एफ २, आणि नवीन घ्यायची तर फोक्टलेंडरची नोक्टन ३५ एफ १.४. फिल्म एचपी५ (इलफर्डची आयएसओ ४०० ची ब्लॅक अँड व्हाइट) वापरते, घरीच डेव्हलप करते. १.५ खरंच तेवढी कामाची आहे की नुसता आकडा? शिवाय मला चष्मा आहे, पी च्या फाइंडरमध्ये ३५ ची फ्रेमलाइन (फोटोत किती येणार ते दाखवणारी चौकट) दिसेल का? आणि पावसाळ्यात गावच्या घरात लेन्स ठेवायची म्हणजे बुरशीची धास्ती आहेच. अनुभवी लोकांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

---

जुनीकाच

ताई, धागा योग्य जागी आहे. पहिली गोष्ट म्हणजे नोक्टन ३५ एफ १.४ यादीतून काढून टाका. ती एम माउंटची (लायकाच्या एम कॅमेऱ्यांवर बसणारी) आहे आणि तुमचा पी ३९ मिलिमीटरच्या आट्यांचा, म्हणजे जुन्या लायका स्क्रूचा. स्क्रू लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून एम बॉडीवर बसते कारण एम बॉडीत माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर २७.८ मिमी आणि स्क्रूमध्ये २८.८, त्या १ मिमीच्या फरकात अ‍ॅडॉप्टर मावतो, पण उलटं होत नाही. फोक्टलेंडरचीच हवी असेल तर अल्ट्रॉन ३५ एफ १.७ अ‍ॅस्फेरिकल स्क्रू माउंटमध्ये निघाली होती, ती बघा, ती वयाने बरीच तरुण आहे आणि ०.९ मीटरपर्यंत जवळ जाते.

आता कॅननबद्दल. १.८ आली १९५६ च्या सुमारास, १.५ आली १९५८ मध्ये आणि एफ २ आली १९६२ मध्ये. तिन्ही चांगल्या लेन्स आहेत, पण आज सगळ्यात धाकटीसुद्धा साठी ओलांडलेली आहे, त्यामुळे कुठलं मॉडेल घ्यायचं यापेक्षा कुठला नग घ्यायचा हे जास्त महत्त्वाचं आहे, हे मी प्रत्येक धाग्यात लिहितो आणि लिहितच राहणार. त्या काळातल्या कॅनन लेन्सना हेझचा, म्हणजे आतल्या काचा धुकट होण्याचा, त्रास फार. आतलं ग्रीस वर्षानुवर्षं थोडं थोडं उडत राहतं आणि त्याचा थर अ‍ॅपर्चरच्या पात्यांजवळच्या काचांवर बसतो. लवकर साफ केला तर निघतो, पण तसाच राहिला तर कोटिंग आणि मग काचच खाल्ली जाते, त्यानंतर कोणीही कितीही पुसा, उपयोग शून्य.

बघायचं कसं ते सांगतो. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, लेन्स डोळ्यासमोर न धरता जरा तिरकी धरा आणि मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा, सरळ नाही, कडेने. सरळ उजेडात सगळ्याच लेन्स स्वच्छ दिसतात. कडेने मारला की दुधाळ पापुद्रा असेल तर लगेच दिसतो, आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. बारीक धूळ असेल तर दुर्लक्ष करा, पुढच्या काचेवर एखाददुसरा ओरखडा असेल तरी चालेल. हेझ मात्र चालणार नाही, खासकरून तुमच्या कामाला, कारण रंगपटात उघडा बल्ब फ्रेममध्ये येणारच आणि हेझवाली लेन्स असेल तर एका बल्बने अख्खी फ्रेम राखाडी होते.

साठवणीचं म्हणाल तर चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, चामडं ओलावा धरतं. हवाबंद डबा, सिलिका जेल, आत एक छोटा हायग्रोमीटर, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहील असं बघा. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर उत्तमच. आणि लेन्स वापरत राहा, बंद कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच जास्त खराब होतात.

---

कुडाळचो_भाचो

मी कुडाळचो, म्हणान सांगतंय! ताई, विषय बघून फार बरं वाटलं. रंगपटाचे फोटो खूप कमी लोक मनापासून काढतात, बहुतेक जण संकासुराचा प्रवेश झाला की मोबाइल वर करतात आणि आख्यान सुरू झालं की घरी जातात.

लेन्समधलं मला कमी कळतं, उजेडाबद्दल सांगतो. आता बऱ्याच ठिकाणी रंगपटात एलईडी नाहीतर ट्यूब असते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. तुम्ही १/२५० किंवा १/५०० ला मारलात तर फ्रेममध्ये उभे काळे-पांढरे पट्टे येऊ शकतात, कारण पी चं शटर आडवं धावतं आणि फिल्मचा एकेक पट्टा वेगवेगळ्या क्षणी उजेड घेतो. १/३० किंवा १/६० ला हा त्रास जाणवत नाही. म्हणजे तुम्हाला तसंही संथ शटरवरच राहायचंय. स्टेजवर रंगीत लाइट असतात तिथे ब्लॅक अँड व्हाइटच बरं, तुम्ही एचपी५ वापरता ते योग्यच.

आणि एक, नाटक सुरू व्हायच्या बऱ्याच आधी जा, आधी नुसतं बसा, चहा घ्या, कॅमेरा मांडीवर ठेवा. मंडळी ओळखीची झाली की तुम्ही एक मीटरवर बसलात तरी कोणी बघत नाही.

---

मंदप्रकाश

माझ्याकडे लायका एम२ आणि जुनी समिलक्स ३५ एफ १.४ आहे, तीच जी १९६१ पासून कॅनडात मिडलंडला बनायची. कॅनन १.५ मित्राची वापरली आहे. दोघींचा स्वभाव बराच जवळचा आहे म्हणून लिहितो.

पूर्ण उघडल्यावर या लेन्स नव्या लेन्ससारखं चित्र देत नाहीत आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. तपशील असतो, चांगला असतो, पण त्याच्यावर एक पातळ उजेडाचा पदर असतो, स्फेरिकल अ‍ॅबरेशनमुळे (काचेच्या कडेचे आणि मधले किरण एकाच जागी जुळत नाहीत). रंग लावलेला उजळ चेहरा बल्बखाली असेल तर कपाळाच्या आणि गालाच्या कडेला प्रभा दिसेल. मला ती दशावतारासाठी शोभेलसं वाटतं, पण हे आवडीवर आहे, न आवडणारे अजिबात न आवडणारे असतात. एफ २.८ ला हा पदर जातो, एफ ४ पासून लेन्स एकदम साधी, शहाणी होते. कोपऱ्यात बल्ब आला तर तो गोल न येता पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा येतो, याला कोमा म्हणतात. उपाय एकच, बल्ब कोपऱ्यात येऊ द्यायचा नाही, मधल्या भागात घ्यायचा किंवा कोणाच्या तरी डोक्यामागे लपवायचा.

आता आकडे, कारण प्रश्न 'कामाची आहे का' असा आहे. घरातल्या साध्या रात्रीच्या उजेडाला ईव्ही ५ धरा (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप). फिल्म ४०० ला असेल तर एफ १.५ ला १/६० मिळतं. एफ २ ला साधारण १/३०. रेंजफाइंडरमध्ये आरसा आपटत नाही, त्यामुळे कॅमेऱ्याचा हादरा १/१५ लाही सांभाळता येतो, पण समोरचा माणूस हलतो त्याचं काय? मिशी लावणारा हात १/३० ला पुसट होतो, १/६० ला बऱ्याचदा वाचतो. तुमच्यासाठी १.५ चा खरा फायदा इथे आहे, बॅकग्राउंड उडवण्यात नाही.

याची किंमत फोकसमध्ये मोजायची. ३५ म्हणजे वाइड, सगळं शार्प येतं असा समज असतो. एफ १.५ ला १ मीटरवर पुढून मागे जेमतेम ७ सेंटिमीटर भाग शार्प मिळतो, दीड मीटरवर १६-१७ सेंटिमीटर, २ मीटरवर तीसेक. म्हणजे १ मीटरवर नाक शार्प आणि कान पुसट. तिथे फोकस करून मग फ्रेम बदलायला कॅमेरा फिरवला आणि श्वास घेताना दोन-तीन सेंटिमीटर पुढेमागे झालात की गेलं. मी असं करतो की लेन्स दीड मीटरला लावून ठेवायची आणि रिंग न फिरवता स्वतः पुढेमागे झुकायचं, पॅचमध्ये (फाइंडरच्या मधल्या, दुहेरी प्रतिमा दाखवणाऱ्या चौकोनात) दोन भुवया एक झाल्या की दाबायचं. अंधारात पॅचला उभी ठळक कड लागते, मुकुटाची कड, काजळाची रेघ, साडीचा काठ, काहीही. सपाट गालावर फोकस करत बसलात तर रात्र तिथेच जाईल.

आरशाबद्दल मुद्दाम सांगतो कारण तुमच्या विषयात तो सतत येणार. आरशातल्या चेहऱ्यावर फोकस करायचा तर रेंजफाइंडरचा पॅच आरशातल्या प्रतिमेवर जुळवा, चौकटीवर नाही. माणूस तुमच्यापासून १ मीटरवर असेल तर त्याचं प्रतिबिंब लेन्सच्या हिशेबाने २ मीटरच्या आसपास असतं. पाठमोरा माणूस आणि प्रतिबिंब दोन्ही शार्प हवं म्हणाल तर एफ ४ लाही जमत नाही, तेव्हा कोण महत्त्वाचं ते आधी ठरवा. मी असतो तर प्रतिबिंब शार्प ठेवलं असतं आणि खांदा पुसट जाऊ दिला असता.

हूड (बाजूचा उजेड अडवणारी लेन्सपुढची कड) मात्र हवाच, जुनं सिंगल कोटिंग आहे. १.५ ला फिल्टरची साइज ४८ मिमी, बाकी दोन कॅननना ४० मिमी, दोन्ही सहज मिळत नाहीत, स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर बसवायची जोडकडी) घ्यावी लागेल. हूडने व्ह्यूफाइंडरचा खालचा उजवा कोपरा झाकला जातो, सवय होते.

---

आयएसओ_चारशे

वरच्या प्रतिसादाशी बराचसा सहमत, पण निष्कर्षाशी नाही. माझं मत, एफ २ घ्या.

१.५ आणि २ मध्ये फरक एका स्टॉपचाही (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) नाही, पाऊण स्टॉपहून थोडा जास्त. तेवढ्यासाठी जास्त पैसे, जड लेन्स, अर्धवट झाकलेला फाइंडर आणि पूर्ण उघडल्यावर पडणारा कॉन्ट्रास्ट, हे सगळं कशाला? कॅननची ३५ एफ २ छोटी आहे, एफ २ लाच चांगला कॉन्ट्रास्ट देते. एचपी५ १६०० ला पुश करा (१६०० ची समजून काढा आणि जास्त वेळ डेव्हलप करा), दोन स्टॉप तिथेच मिळाले. एफ २, १/१२५, ईव्ही ५ ला. हात हलू दे नाहीतर डोकं. मायक्रोफेन डेव्हलपरच्या स्टॉकमध्ये (पाणी न मिसळता) २० अंशाला ११ मिनिटं, इलफर्डच्या तक्त्यातच दिलंय. कोकणात नळाचं पाणी २० अंशाला येत नाही, त्यामुळे बर्फाच्या पाण्यात बाटल्या ठेवून तापमान उतरवा, सगळ्या केमिकलचं सारखं.

आणि फोकसचं वर जे लिहिलंय ते एफ २ ला थोडं सुसह्य होतं, दीड मीटरवर १६ ऐवजी २२ सेंटिमीटर मिळतात. रात्री दोन वाजता, डोळे चुरचुरत असताना, ते सहा सेंटिमीटर फार मोठे असतात. शेवटी फोटो फोकसमध्ये असेल तरच बाकीच्या गप्पा.

---

मंदप्रकाश

@आयएसओ_चारशे, पुशचं मान्य, पण पुश केल्यावर सावल्या काळ्याकुट्ट होतात. रंगपटात एकच बल्ब डोक्यावर असतो, डोळ्याच्या खोबणी आधीच अंधारात. १६०० ला त्यात काहीच उरत नाही. मी १.४ वर ८०० च्या पुढे जात नाही त्याचं कारण हेच. ज्या माणसाने अर्धा तास खपून डोळे रंगवलेत त्याचे डोळेच फोटोत नसतील तर काय उपयोग.

---

आयएसओ_चारशे

हा मुद्दा बरोबर आहे, मानतो. ८०० आणि एफ २, १/६० हा मधला रस्ता निघतो मग. तरी माझं मत एफ २ लाच.

---

तोक्योवासी

मूळचा चिपळूणचा, सध्या तोक्यो. नाकानो आणि शिंजुकूच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत माझे बरेच रविवार जातात म्हणून खरेदीबद्दल लिहितो.

तिन्ही कॅनन इथे काचेच्या कपाटात दिसत राहतात. १.८ सगळ्यात स्वस्त, १.५ सगळ्यात महाग आणि चांगला नग सगळ्यात कमी वेळा. चांगली दुकानं लेन्सची अवस्था बरीच प्रामाणिकपणे लिहितात, धूळ, धुकटपणा, बुरशी, कोटिंगचे डाग वेगवेगळे नोंदवलेले असतात. 'थोडा धुकटपणा, चित्रावर परिणाम नाही' असं असेल तर सोडून द्या, दिवसा बाहेर परिणाम नसेलही, बल्बसमोर शंभर टक्के असतो. कडेने टॉर्च मारलेला फोटो मागा, न दिल्यास घेऊ नका. कस्टम ड्यूटी लागणार हे धरूनच बजेट करा.

माझ्या मनातला अजून एक विचार. १९५६ ते ५८ या दोन-तीन वर्षांत इथे निकॉनने ३५ एफ १.८ काढली, कॅननने १.८ आणि मग १.५. एसएलआर (आत आरसा असलेले कॅमेरे) तेव्हा अजून रांगत होते. एसएलआरमध्ये आरशाला जागा सोडायची तर वाइड लेन्स फिल्मपासून लांब बसवावी लागते, त्यासाठी पुढे मोठाल्या काचा येतात. रेंजफाइंडरमध्ये ती अडचण नाही, मागची काच फिल्मच्या जवळ नेता येते, म्हणून एवढी फास्ट ३५ एवढ्याशा नळीत मावली. १.५ मध्ये ४ गटांत ८ काचा आहेत आणि वजन २०० ग्रॅमच्या आत. लोक तिला जड म्हणतात ते बाकीच्या कॅननच्या तुलनेत. कपाटातून हातात घेतली की त्या पितळ-काचेचा ऐवज जाणवतो, मला तरी ती पुन्हा कपाटात ठेवताना जिवावर येतं.

---

रानवारा

बाप रे, एवढे सविस्तर प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. नोक्टन बसणार नाही हे वेळेत कळलं ते बरं झालं.

माझा कल आता १.५ कडे आहे, डोळ्याच्या खोबणीचा मुद्दा मला एकदम पटला, माझ्या पुश केलेल्या रोलांत तेच होतंय. नग साफ मिळाला तरच, नाहीतर एफ २. @कुडाळचो_भाचो, तुमी सांगलास तसा आधी बसान चाय घेतलंय तर सगळा सोपा होता, खराच आसा ता.

दोन गोष्टी राहिल्या. चष्म्याचं कोणी सांगितलं नाही. आणि लेन्स आली की ती माझ्या पी च्या रेंजफाइंडरशी जुळतेय की नाही हे रोल न घालवता कसं तपासायचं? ७ सेंटिमीटरचा आकडा वाचून जरा पोटात गोळा आलाय.

---

जुनीकाच

चष्म्याचं आधी. पी चा फाइंडर लाइफ साइज आहे, ३५, ५० आणि १०० तिन्ही फ्रेमलाइन कायम दिसतात, पण ३५ ची अगदी कडेला आहे. चष्म्यातून चारही बाजू एकदम दिसणार नाहीत, डोळा डावी-उजवीकडे फिरवून बघावं लागेल. रंगपटात तुम्ही एकाच जागी बसून काढणार, तेव्हा दोन-चार रोलांनंतर कडा अंदाजाने कळायला लागतात. वाटल्यास हॉट शू... थांबा, पी ला वर साधा शू (जास्तीचं काही बसवायची खाच) आहे, त्यात वेगळा ३५ चा फाइंडर लावता येतो, कडा लख्ख दिसतात, फक्त फोकस एका खिडकीतून आणि फ्रेम दुसऱ्या खिडकीतून असं होतं. झुकून फोकस करण्याच्या पद्धतीला ते गैरसोयीचं आहे, म्हणून मी तरी आधी तसंच वापरून बघा म्हणेन. आयपीसची धातूची कड चष्म्याला ओरखडे पाडते, तिथे पातळ रबराची चकती चिकटवा.

आता तपासणी. फिल्म नसताना कॅमेऱ्याची मागची झडप उघडा. शटर बी ला (दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं त्या सेटिंगला) ठेवून केबल रिलीजने उघडं लॉक करा. फिल्म जिथे सरकते तिथे आतल्या बाजूला दोन चकचकीत पट्ट्या दिसतील, त्यांच्यावर दुधाळ रंगाची सेलोटेप, ती पेन्सिलने लिहिता येते ती, ताणून आडवी लावा, सुरकुती नको. शटरच्या पडद्याला बोट किंवा टेप अजिबात लागू देऊ नका, पी चे पडदे स्टीलचे आणि कागदाइतके पातळ असतात, त्यावर चुणी पडते. (चुण्या आधीच असतील तर घाबरू नका, चालतात.) स्टीलचे असल्यामुळे उन्हात लेन्स उघडी राहिली तरी भोक पडत नाही हा एक फायदा, एम२ वाल्यांनी मात्र कापडी पडदा सांभाळावा.

कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, लेन्स पूर्ण उघडा, बरोबर १ मीटरवर वर्तमानपत्राचा मथळा चांगल्या उजेडात लावा. रेंजफाइंडरने मथळ्यातल्या उभ्या काना-मात्रांवर फोकस जुळवा आणि मग मागून टेपवर उमटलेलं चित्र भिंगातून बघा. शार्प असेल तर ठीक. नसेल तर रिंग हळूहळू फिरवून टेपवर शार्प करा आणि रेंजफाइंडरमध्ये प्रतिमा किती सरकली ते बघा. हेच ३ मीटरवर करा आणि लांबच्या टॉवरवर करा.

मग तीच सगळी तपासणी तुमच्या ५० वर करा. दोन्ही लेन्स एकाच बाजूला चुकत असतील तर दोष बॉडीच्या रेंजफाइंडरचा, तो जाणकाराकडून जुळवून घेता येतो, मुंबईत फोर्टात बोरा बाजारच्या बाजूला अजून असं काम करणारे आहेत. ५० बरोबर आणि फक्त ३५ चुकत असेल तर कोणीतरी ती उघडून चुकीची बसवलेली असण्याची शक्यता जास्त, अशी लेन्स ठेवून घेऊ नका, परत करायची मुदत संपायच्या आत दुकानाला फोटोसकट कळवा. आणि ही तपासणी एफ १.५ लाच करा, २.८ ला नको. या लेन्समध्ये अ‍ॅपर्चर बारीक केलं की फोकस थोडा मागे सरकतो, तुम्हाला रंगपटात जे अ‍ॅपर्चर लागणार तिथेच ती जुळलेली हवी.